वंशावळीतील कोरा रकाना

गेल्या पावसाळ्यात बदलापूरनजीकच्या कात्रप येथील एका ख्रिस्ती कुटुंबाने आमच्यावर एक काम सोपविले. काम दिसण्यात अगदी लहान होते. घरातील मुलगा बारावी उत्तीर्ण होऊन पुढील प्रवेशाच्या खटपटीत होता व त्यास मागासवर्गाचा दाखला पाहिजे होता. आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांस ह्या दाखल्याची भानगड ठाऊक आहेच; तरी ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्याकरिता थोडे सांगितले पाहिजे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्याच ठेवल्या; पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध यांचा त्यांत समावेश झाला; ख्रिस्ती झालेला मनुष्य मात्र बाहेर राहिला तो राहिलाच. आपल्या राज्यात अशा कुटुंबांस इतर मागासवर्गांत स्थान आहे. परंतु ते मिळविण्यास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, घराण्याची मूळ जात व वास्तव्य दाखविणारा कागद लागतो. मुलाच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या जागी नुसते 'ख्रिस्ती' असे लिहिलेले होते. पणजोबांचा बाप्तिस्मा नगर जिल्ह्यातील (त्यास आता अहिल्यानगर म्हणतात) एका खेड्यातील मंडळीत झाला होता. मुलाचे वडील म्हणाले, "पाळकसाहेब, आपले त्या बाजूस जाणेयेणे आहे. जुनी वही तेवढी पाहून या."

कात्रप हे एके काळी भाताच्या खाचरांचे वेगळे खेडे होते. आता ते कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आले आहे, आणि जेथे आवणी होत असे तेथे सात-सात मजली इमारती उभ्या आहेत. ह्या इमारतींत राहणारे बहुतेक लोक कोठून ना कोठून आलेले. हे कुटुंब आले ते मुलाच्या आजोबांच्या काळी, अंबरनाथच्या आगपेट्यांच्या कारखान्यातील नोकरीनिमित्त. त्यांच्या घरी गेलो म्हणजे पहिला चहा होतो व दुसऱ्या चहाबरोबर घराण्याची गोष्ट होते, ती अशी: पणजोबा हे पाटलाचे पोर, वाडा होता, दारी बैल होते, तरुणपणी शुभवर्तमान ऐकून सर्वस्व सोडून ते बाहेर पडले. ही गोष्ट आम्ही निदान दहा वेळा ऐकली असेल. भिंतीशी खाटेवर मुलाच्या वडिलांच्या आत्याबाई बसलेल्या असतात. त्या आज चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत व पणजोबांच्या त्या शेंडेफळ. गोष्ट चालू असता त्या काही बोलत नाहीत. दिवाणखान्यात पाटील व अर्जात मागासवर्ग ही विसंगती आमच्या ध्यानात आली नाही असे नाही. पण पोटाच्या प्रश्नापुढे आपणांपैकी कोण सुसंगत राहिला आहे?

त्या खेड्यातील वही एका पत्र्याच्या पेटीत होती. कडेची पाने वाळवीने खाल्ली होती व मधली शाबूत होती. १९०० सालच्या पावसाळ्याच्या एका पानावर एकाच दिवशी झालेल्या अनेक बाप्तिस्म्यांच्या नोंदी सापडल्या आणि त्यांत पणजोबांचे नाव होते. वय: सुमारे ६. बापाचे नाव: ठाऊक नाही. आईचे नाव: ठाऊक नाही. पूर्वीची जात: ह्या रकान्यात शाईची एक आडवी रेघ. शेऱ्यात एकच शब्द: दुष्काळातील.

१८९९ साली पाऊस गेला व नगर जिल्हा होरपळला हे आपल्या वडीलधाऱ्यांकडून पुष्कळांनी ऐकले असेल. सरकारी कामांवर खडी फोडावयास माणसांचे तांडे निघाले. १९०० च्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. आणि रस्त्यावर, कामांवर, धर्मशाळांत मुले उरली, ज्यांच्यामागे कोणी उरले नव्हते. अनेक मिशनांच्या अनाथालयांनी ती पोटाशी घेतली. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या आसपास मध्यप्रांतांतून व पुढे १९०० साली गुजरातेतून शेकडो मुली केडगावास आणल्या, हे प्रसिद्धच आहे. नगरकडील मिशनऱ्यांनीही तेच केले. ते सहा वर्षांचे पोर ह्या उरलेल्यांपैकी एक होते. त्याचा वाडा नव्हता, बैल नव्हते. त्याने काही सोडले नव्हते, कारण सोडण्याजोगे त्याजपाशी काही नव्हतेच.

आम्ही ते पान किती वेळ पाहत बसलो ते सांगता येत नाही. वंशाचा शोध हा काय प्रकार आहे, तो मनुष्याने करावा की न करावा, आणि करावा तर कशासाठी, हे विचार तेथे त्या पेटीशेजारी बसून मनात आले.

ज्या नोंदवहीच्या पद्धतीवरून आपल्या मंडळ्यांतील वह्या आखल्या गेल्या, तिचा उगम इंग्लंडातील खेड्यांत आहे. १५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका देवळाच्या हद्दीतील वस्तीच्या, पाळकाने तेथील बाप्तिस्मे, लग्ने व मूठमाती यांची नोंद दर रविवारी पंचांच्या समक्ष करावी. वही ठेवण्यास दोन कुलपांची मजबूत पेटी असावी. एक किल्ली पाळकाजवळ, दुसरी पंचांजवळ. लोकांस वाटले की हा नवा कर बसविण्याचा डाव आहे; ते कुरकुरले व भ्याले. कर त्या वहीने बसला नाही. मात्र तिच्यामुळे असे झाले की, ज्याच्यापाशी एक बिघा जमीन नव्हती अशा शेतमजुराचेही नाव, तो जन्मला तेव्हा एकदा व मेला तेव्हा एकदा, कागदावर चढले. आज त्या देशात सामान्य माणसे आपल्या गावाचा व कुळाचा शोध घेतात ती ह्याच वह्यांच्या आधारे. त्यांत पुष्कळांस दुःखद पाने भेटतात. लग्नाविना झालेल्या मुलाच्या नोंदीत बापाची जागा रिकामी आणि आईच्या नावापुढे त्या काळच्या पाळकाने लिहिलेला एखादा कठोर शब्द. तो लिहिणाऱ्यास त्या रविवारी आपण मोठे नीतीचे काम करीत आहो असे वाटले असेल. तीन शतके तो शब्द त्या मुलाच्या नावास चिकटून राहिला आहे.

आपल्याकडे काय होते? आपल्याकडे कागद थोडे नव्हते. त्र्यंबकेश्वरच्या व नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या सह्या आहेत. दक्षिण महाराष्ट्रात व त्याखालच्या कानडी मुलखात हेळवी बैलावर बसून गावोगाव येतो व घराण्याची मालिका तोंडपाठ म्हणून दाखवितो. कात्रपपासून दोन-तीन स्टेशनांवर उल्हासनगर आहे; फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांची ती वसाहत, जिला १९४९ साली हे नाव मिळाले. त्यांचे घरदार व देवघर सिंधेत राहिले. पण हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत त्यांच्यातील अनेकांच्या आजा-पणजांची नावे तशीच उरली. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून माळ्यांवरचे व फडताळांतले रुमाल सोडविले. १८९८ साली त्यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला व पुढे एकवीस. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पुढे घराण्याघराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापले. हे सर्व थोर काम आहे व आम्ही त्याचे ऋणी आहो.

तथापि हे कागद कोणाचे? वतनाचा तंटा झाला म्हणून महजर झाला. इनाम तपासावयाचे म्हणून १८५२ नंतर कमिशनापुढे वंशावळ दाखल झाली. ज्यांच्यापाशी जमीन होती त्यांच्यापाशी आजोबा होते. अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ चा शिलालेख आहे, त्यात शिलाहार राजा व त्याचे अधिकारी आहेत. तो काळा दगड ज्यांनी खाणीतून काढला व वाहिला त्यांची वंशावळ कोणत्या दगडावर शोधावी? महार वतनदारांची नावे सरकारी दप्तरांत आली ती चाकरीच्या हिशेबात आली. त्यांनी कोणाचा सांगावा पोचविला, किती दिवस राबले, एवढेच कागदास हवे होते.

आणि आता काळ असा फिरला आहे की, ज्या नोंदीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तिला मोल आले आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा गावोगावचे जन्ममृत्यूचे जुने नमुने, शाळांची प्रवेश-पुस्तके व मोडीतील पत्रके बाहेर काढली गेली, आणि मोडी वाचणारास एकाएकी मागणी आली. त्या वादाच्या न्यायान्यायात आम्हांस येथे शिरावयाचे नाही. आमचे लक्ष एका गोष्टीकडे आहे. काल जो आजा उच्च असावा असे नातवास वाटत होते तो आज कागदावर खालचा निघावा असे त्यास वाटते, आणि उद्या कदाचित पुन्हा उलट वाटेल. आजा बिचारा मरून गेला. त्यास कोणी काही विचारीत नाही.

आमच्या मते ह्या अभिमानाचे व ह्या लाजेचे मूळ एकच आहे. पाटलाच्या पोटी जन्मलो ह्यात माझे कर्तृत्व नाही, तर दुष्काळात आईबापांविना उरलेल्या पोराचा मी पणतू आहे ह्यात माझी बेअब्रू तरी कोठली? सहा वर्षांच्या मुलाने भुकेले असणे हा त्याचा दोष कधीपासून झाला? लाज वाटावयाची तर ज्यांच्या कणग्यांत धान्य होते व ज्यांनी भाव चढण्याची वाट पाहिली त्यांच्या वंशजांस वाटावी; आणि तीही आम्ही त्यांच्यावर लादणार नाही.

येथे एखादा चतुर वाचक म्हणेल: "पाळकसाहेब, वंशाने मान येत नाही व अपमानही येत नाही, तर मग शोधता कशाला? पौलाने तीमथ्यास वंशावळ्यांच्या नादी लागू नये असे बजावलेच आहे." आक्षेप खरा आहे आणि त्याने आम्हांस काही दिवस अडवून धरले. पौलाचा रोख ज्या वंशावळ्यांवर आहे त्या वाद वाढविणाऱ्या व मोठेपणा मिरविणाऱ्या होत. तेच शास्त्र मत्तयाच्या पहिल्या अध्यायात एक वंशावळ देते आणि तीत तामार, राहाब, रूथ व उरीयाची बायको ह्या चार स्त्रिया आणून बसविते. कुलवृत्तांत छापणाऱ्या कोणत्याही संपादकाने ही चार नावे हळूच गाळली असती. दुसरीकडे एज्राच्या पुस्तकात उलट प्रकार आहे: बंदिवासातून परतलेल्या काही याजकांस वंशावळीत आपली नावे सापडली नाहीत म्हणून त्यांस सेवेतून दूर केले गेले. हा वृत्तांत आम्ही सेमिनरीत असता परीक्षेपुरता वाचला होता. त्या पेटीशेजारी बसून तो प्रथमच टोचला. वहीत नाव नसलेली ती माणसे घरी जाऊन आपल्या मुलांस काय बोलली असतील?

चतुर वाचकास आमचे उत्तर एवढेच की, वंशाने योग्यता येत नसली तरी देणे येते. त्या पोरास कोणी तरी उचलले. कोणी तरी त्यास पहिली पेज पाजली. एकदम पोटभर दिले असते तर ते मेले असते, हे जाणून थोडी थोडी पाजली. कोणी तरी त्यास नाव दिले व वहीत लिहिले. हे देणे कोणाचे आहे हे ठाऊक असल्यावाचून फेडण्याची इच्छा कशी होणार? पाटलाची गोष्ट सांगणारे कुटुंब कोणाचे काहीच देणे लागत नाही. उलट सर्वस्व सोडले म्हणून जगच त्याचे देणे लागते.

हा विचार पेटीशेजारी सुचणे सोपे होते. अवघड भाग पुढे होता. आम्ही नोंद जशी होती तशी दूरध्वनीवर मुलाच्या वडिलांस सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाळकसाहेब, तो रकाना कोरा आहे ना? मग नक्कल तुम्हीच लिहिणार. गावात कोणालाही विचारा, आम्ही कोणत्या वस्तीतले ते सगळे सांगतील. एक शब्द घातला तर खोटं काय होईल? पोराचं वर्ष वाचेल."

वाचकहो, आमच्या खिशात लेखणी होती. शिवाय त्या गृहस्थाचे म्हणणे निव्वळ लबाडीचे नव्हते. ते पोर ज्या कुटुंबात वाढले, ज्यांच्यात त्याचे लग्न झाले, ते लोक पूर्वाश्रमीचे महार होते. गावाने त्यासही तेच मानले, विहिरीवर त्यास तसेच वागविले, आणि जातीमुळे जे सोसावे लागते ते त्याने व त्याच्या मुलांनी पुरते सोसले. सोसण्याच्या वेळी कोणी वही पाहिली नाही. सवलतीच्या वेळी मात्र वही पाहिजे. ह्या तर्काला आमच्यापाशी त्या क्षणी उत्तर नव्हते व आजही पुरे उत्तर नाही.

तरी आम्ही शब्द घातला नाही. ज्याने ती रेघ ओढली त्यास मुलाची जात ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नसता अंदाजाने न लिहिण्याचा प्रामाणिकपणा त्याच्यात होता. एवढ्या वर्षांनंतर त्याच्या हातातून लेखणी काढून घेण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? पेटीला दोन कुलपे कशासाठी होती हे तेव्हा उमगले. चोरांकरिता एक कुलूपही पुरते. दुसरे होते ते आमच्यासारख्या दयाळू पाळकांकरिता. नोंदीत दयेने केलेला बदल व दुष्टपणाने केलेला बदल पुढच्या वाचणाऱ्यास सारखाच दिसतो, आणि एकदा बदल होतो हे कळले म्हणजे शेजारच्या खऱ्या नोंदीवरही कोणी विश्वास ठेवीत नाही. आणखी एक विचार आला, तो बरोबर की चूक ते वाचकांनी ठरवावे: त्या माणसाच्या सबंध आयुष्यात बहुधा ती एकच जागा अशी होती जेथे त्यास कोणी जात लिहिली नव्हती. ती आम्ही का भरावी?

आम्ही खरी नक्कल दिली व सोबत आपल्या सहीचे वेगळे पत्र दिले. त्यात गावातील वृद्ध काय सांगतात ते, 'वृद्ध असे सांगतात' असे स्पष्ट म्हणून लिहिले. तेवढ्यावर दाखला मिळाला नाही. मुलाने पूर्ण फी भरून पदविकेस नाव घातले. बापाने त्यासाठी कर्ज काढले. मुलगा आम्हांस पूर्वीसारखाच सलाम करतो. बाप करतो, पण थोडा आखडून. आम्ही त्यास दोष देत नाही.

राहता राहिली आत्याबाईंची गोष्ट. नक्कल घरात आली तेव्हा सर्वांनी ठरविले की म्हातारीस काही सांगू नये. तिच्या बापाची गोष्ट तिच्यापुरती तशीच राहू द्यावी. आम्हांसही ते पटले होते, कारण खरे बोलणे व खरे एखाद्याच्या अंगावर फेकणे ह्यांत अंतर आहे. परंतु घर लहान, भिंती पातळ. एके दिवशी आम्ही गेलो असता त्याच म्हणाल्या, "पाळकसाहेब, तो कागद मला वाचून दाखवा."

आम्ही घुटमळलो, मग वाचला. सुमारे सहा, ठाऊक नाही, ठाऊक नाही, रेघ, दुष्काळातील. त्या ऐकून म्हणाल्या, "मला ठाऊक होतं." भाचा चकित झाला. त्या म्हणाल्या, "अरे, बाबा मरेपर्यंत उशाशी चतकोर भाकरी फडक्यात बांधून ठेवायचे. सकाळी ती गाईला घालायचे, रात्री पुन्हा नवी. पाटलाच्या घरातलं पोर उशाशी भाकरी कशाला ठेवील?" पाटलाची गोष्ट कोठून आली असे विचारता त्या हसल्या. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा पाहुण्यांपुढे आईने ती प्रथम सांगितली. बाबा तेथेच बसले होते व काही बोलले नाहीत. पुढे मुलांनी ती उचलली.

मग त्यांनी आम्हांस वही काढावयास सांगितले. बाबांचे आईबाप ठाऊक नाहीत तर नाहीत, पण आईकडचे त्यांस ठाऊक होते आणि ते कोणी कधी विचारले नव्हते. हे खरे आहे. आपल्या वह्यांत बायको ही 'अमक्याची बायको' असते व तिची आई तर कोठेच नसते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांत बापाच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा नियम राज्याने केला आहे. आमच्या वहीत आम्ही तो त्या आधीच लागू करावयास हवा होता, केला नाही. आत्याबाईंनी आईचे नाव सांगितले, आजीचे सांगितले, आजी कोणत्या गावची, तिला किती भाऊ होते, अनाथालयातून आलेल्या पोराला पोरगी कशाला देता म्हणून कोणता मामा भांडून निघून गेला, आणि लग्नात गूळ कोणी दिला, तेही सांगितले. गूळ देणाऱ्याचे नाव त्यांनी दोनदा सांगितले. भाचा दारात उभा राहून ऐकत होता. काही वेळाने येऊन खाली बसला.

लिहून झाल्यावर त्यांनी सगळे पुन्हा वाचावयास लावले. आजीच्या नावात आमच्या हातून एक काना गळला होता. तो त्यांनी घालविला व मग चहा ठेवावयास सांगितले.